काहीच काम नसताना मुंबईला

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"माझं वय ५३. आम्ही नाशिकरोडला राहतो. घरी यजमान, सासूबाई आणि मी. यजमान गेल्या वर्षी निवृत्त झाले. मुलगी लग्न होऊन ठाण्याला असते. मी घरच्या घरी ब्लाउज शिवते, त्याचे थोडे पैसे गाठीला आहेत. मुंबईला खूपदा गेलेय, पण लग्न, बारसं, डोहाळजेवण, नाहीतर कुणाला दवाखान्यात बघायला. गेले काही महिने सारखं मनात येतंय की एक दिवस एकटीनं जावं, नुसतं फिरावं आणि रात्री घरी यावं. घरी बोलले तर यजमान म्हणाले, 'तिथे काय काम आहे?' मुलगी म्हणाली, 'आई, मी रजा टाकते, आपण दोघी मॉलला जाऊ.' जाऊबाईंनी तर बाजूला घेऊन विचारलं, 'घरात काही झालंय का गं?' आता मलाच वाटायला लागलंय की हे आपलं खूळ आहे. एकटी बाई दिवसभर करणार काय? जेवणार कुठे? दोन तासांत कंटाळा आला तर? की सरळ मंगळदास मार्केटमधून अस्तराचं कापड आणायचंय असं सांगून जाऊ? मग कुणी अडवणार नाही."
– एक वाचक, नाशिकरोड

ताई,

तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तुम्ही शेवटी, जाता जाता विचारलाय, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते. अस्तराचं निमित्त काढू नका.

खोटं बोलू नये म्हणून नाही सांगत. एवढ्या-तेवढ्या थापा संसारात सगळेच मारतात. अडचण वेगळीच आहे. अस्तर आणायला म्हणून निघालात की तो दिवस अस्तराचा होतो. मंगळदासच्या गल्ल्यांत शिरलात की दोन तास कुठे गेले कळत नाही. मग शेजारणीनं सांगितलेली लेस, सासूबाईंसाठी काहीतरी, आणि 'इथवर आलेच आहे तर' म्हणून समोरच्या क्रॉफर्ड मार्केटातला सुका मेवा. दुपारी दोनला दोन्ही हातांत पिशव्या, खांदे भरून आलेले, आणि चार वाजता तुम्ही स्टेशनावर बाकड्यावर बसून गाडीची वाट बघताय. घरी आल्यावर वर ऐकून घ्यायचं: एवढ्यासाठी मुंबई कशाला हवी होती, मेन रोडला मिळत नाही का अस्तर? यावर तुमच्याकडे उत्तर नसेल, कारण मिळतं.

आपल्याकडच्या बाया एकट्या घराबाहेर पडत नव्हत्या असं काही नाही. माहेरपण होतं, मंगळागौर होती, लेकीचं बाळंतपण होतं, वारी होती. पण प्रत्येक वेळी बाहेर पडायला काहीतरी कारण हातात धरावं लागायचं. तुमचे यजमान संध्याकाळी 'जरा चक्कर मारून येतो' म्हणून चपला घालत असतील, तेव्हा तिकडे काय काम आहे असं तुम्ही कधी विचारलंय? आता विचारूही नका, उगाच वाद होईल. फक्त मनात असू द्या.

जाऊबाईंच्या प्रश्नाकडे मात्र मी जरा थांबून बघितलं. घरात काही झालंय का? खरंच काही असेल, म्हणजे रोजचा त्रास, धाक, अबोला, तर मला दुसरं पत्र लिहा. ते दुखणं एका दिवसाच्या मुंबईनं जाणार नाही. पण तुमच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की यजमान गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि हे 'खूळ' त्यानंतरचं आहे.

माझा अंदाज सांगते, चुकला तर सोडून द्या. इतकी वर्षं ते कामावर गेले, मुलगी शाळा-कॉलेजात, सासूबाई दुपारी आडव्या झाल्या, की घर तुमचं असायचं. मशीनवर बसायचं, रेडिओ लावायचा, अकराचा चहा बाराला प्यायला तरी कुणी घड्याळ दाखवत नव्हतं. आता अकराला कुणीतरी 'चहा होतोय का' म्हणून स्वयंपाकघरात डोकावतं. टीव्हीवर बातम्या चालू असतात. तुम्ही कपाट उघडलंत तरी 'काय शोधतेयस' असा आवाज येतो. यात त्यांची चूक नाही, त्यांचंही ते घरच आहे आणि निवृत्तीनंतर माणसाला हात-पाय कुठे ठेवावेत हेच कळत नाही. पण तुमचे रोजचे चार-पाच तास गेले आणि ते गेले हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, तुमच्याही नाही. तुम्ही त्यातला एक दिवस परत मागताय. मला तरी यात खुळेपणा दिसत नाही.

तेव्हा घरी सांगायचं ते सरळ सांगा. "पुढच्या गुरुवारी मी मुंबईला जातेय. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं जाणार, संध्याकाळच्या पंचवटीनं येणार. फिरायला." एवढंच. 'जाऊ का?' असं म्हणू नका. विचारलंत की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि त्यातल्या त्यात सोपं उत्तर 'नको' हेच असतं. यजमानांच्या 'काय काम आहे' मध्ये अर्धी काळजी असणार आणि अर्धं 'मग माझ्या जेवणाचं काय'. काळजीवर उपाय म्हणजे गाडीच्या वेळा लिहून फ्रिजवर लावा. जेवणाचं म्हणाल, तर निवृत्त माणसाला वरणभाताचा कुकर लावता यायला काय हरकत आहे? येत नसेल तर हा मुहूर्त चांगला आहे. सासूबाईंच्या गोळ्या मात्र आदल्या रात्री वेळेप्रमाणे डबीत काढून ठेवा आणि यजमानांना दाखवून ठेवा. तिथे गंमत नको.

मुलीला सांगा, तुझ्याबरोबर पुढच्या महिन्यात येईन, मॉललाही येईन. आणि गाडी ठाण्याला थांबते तेवढ्यात लाडवांचा डबा खिडकीतून देऊ, असा विचार आता तुमच्या मनात आला असेल, तर तो काढून टाका. मग आदल्या रात्री बारापर्यंत लाडू वळत बसाल आणि कल्याण गेल्यापासून 'कुठे उभी आहेस, डबा नंबर बघ' हेच चालेल.

आता प्रत्यक्ष दिवसाचं.

पंचवटी नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते आणि पावणेअकराच्या आसपास सीएसएमटीला पोचते. म्हणजे ऑफिसची तुंबळ गर्दी ओसरलेली असते, हे फार बरं. परतीला ती सव्वासहाच्या सुमारास तिथूनच सुटते, त्यामुळे चढताना धक्काबुक्की नाही. वेळा अधूनमधून बदलतात, तिकीट काढताना पक्क्या करून घ्या. या गाडीला रोज ये-जा करणारे पासधारक भरपूर, बायकाही असतात, म्हणून रात्री परतताना डब्यात ओकंबोकं वाटत नाही.

जाताना इगतपुरी ते कसारा फोन पिशवीत ठेवा. इथे ३७ फुटांमागे एक फूट असा चढ आहे, म्हणून मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, बँकर म्हणतात त्यांना. जाताना आपण तोच घाट बोगद्यांमधून उतरत असतो. लग्नाला जाताना या वेळी तुम्ही कुणाच्या तरी साडीचा किंवा आहेराचा विषय बोलत होतात, पैज लावते.

उतरल्यावर माझं पहिलं सांगणं: स्टेशनातून घाईनं बाहेर पडू नका. सगळे पडतात, म्हणून तर ते कुणी बघितलेलं नसतं. मेलगाड्यांच्या बाजूनं चालत लोकलच्या बाजूला या आणि तिथल्या जुन्या तिकीटघराच्या दालनात भिंतीला लागून उभ्या राहा. वर बघा. छतावर तारे रंगवलेत. कमानींच्या खांद्यांवर दगडातून पानं, पक्षी, जनावरं काढलीत, एकासारखं दुसरं नाही. फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यावर १८७८ मध्ये बांधकाम सुरू झालं, पुढे दहाएक वर्षं चाललं, आणि कोरीवकामात जे.जे.च्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचा हात होता. २००४ मध्ये युनेस्कोनं इमारत जागतिक वारशाच्या यादीत घातली. खाली मात्र माणसं रांगेत उभी राहून सुट्टे पैसे मोजत असतात. बाहेर आलात की फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ बसलेला दिसेल. सिंह विलायतेचा, वाघ आपला. आणि समोर महापालिकेची इमारत आहे, तीही त्याच स्टीव्हन्सची, १८९३ ची.

रस्ता ओलांडायला भुयारी मार्ग आहे. त्याला इतकी तोंडं आहेत की पहिल्यांदा माणूस चुकीच्याच तोंडानं वर येतो. येऊ द्या. आज कुठे पोचायचंय तुम्हाला?

दुसरं सांगणं: सगळी मुंबई बघायला जाऊ नका. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजीअली, राणीचा बाग, जुहू अशी यादी केलीत तर दिवस लोकलमध्ये आणि टॅक्सीत संपेल आणि देवळातल्या रांगा वेगळ्याच. तुमच्याकडे सात-साडेसात तास आहेत. स्टेशनपासून काळा घोडा आणि तिथून समुद्र, एवढाच तुकडा घ्या. सगळा पायी होतो.

दादाभाई नवरोजी रस्त्याच्या कमानींखालून सरळ चालत गेलं की दहा-पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक. १८६४ चं फ्लोरा फाउंटन इथलंच, आणि २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार झाला तोही इथेच. हुतात्मा स्मारक त्यासाठी. जवळच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लावून विक्रेते बसतात. पुस्तकं घेत नसाल तरी थांबा, कुणी हटकत नाही. तिथून डावीकडे वळलात तर हॉर्निमन सर्कलची बाग आणि तिच्यापलीकडे एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल, १८३३ चा, मोठ्या खांबांचा. त्याच्या रुंद पायऱ्या तुम्ही मालिकांमध्ये कोर्ट म्हणून बघितल्या असतील. पायऱ्यांवर माणसं बसलेली दिसली तर तुम्हीही बसा. दहा मिनिटं बसलात तरी तुमच्या लक्षात येईल की तुमच्याकडे कुणीही बघत नाहीये.

पहिल्या तासात सगळ्यांना वाटतं की आख्खा रस्ता आपल्याकडे बघतोय: ही बाई एकटी का, हिचं कोण हरवलंय. गावात बघतातही. आपल्या नाशिकमध्ये तुम्ही दुपारी एकट्या गोदेच्या काठावर अर्धा तास बसलात तर संध्याकाळपर्यंत यजमानांच्या कानावर जाईल. फोर्टात, म्हणजे मुंबईच्या या भागात, दुपारी हजारो बायका एकट्या असतात, ऑफिसच्या, कोर्टाच्या, बँकेच्या. तुम्ही त्यांतल्याच एक. पर्स खांद्याला, पायात चालायच्या चपला, झालं. मुंबईला लोक माणुसकी नाही म्हणून नावं ठेवतात, पण कुणाकडे न बघण्याची ही सवय एका दिवसाच्या पाहुणीला फार सोयीची आहे.

मग काळा घोडा. गंमत अशी की मूळ पुतळा घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा. तो १९६५ मध्ये इथून हलवला, आता तो भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. मधली पन्नास वर्षं चौकाला नाव होतं, घोडा नव्हता. २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, स्वाराशिवाय. जहांगीर आर्ट गॅलरी तिथेच आहे, १९५२ ची, तिकीट नाही. 'मला चित्रातलं कळत नाही' म्हणून बाहेरून जाऊ नका. दोन-तीन दालनं असतात, वीस मिनिटांत फिरून होतं, काही आवडतं, काही डोक्यावरून जातं. फुटपाथवरही चित्रकार बसलेले असतात.

शेजारचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मात्र तुमच्यासाठी मी मुद्दाम राखून ठेवलंय. १९२२ मध्ये खुलं झालं, पूर्वी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणायचे. आत शिरल्यावर माणसं पहिल्या दालनापासून इमानेइतबारे एकेक पाटी वाचत जातात आणि तिसऱ्या दालनात गळपटतात. तुम्ही ते करू नका. तुम्ही शिवणाऱ्या आहात. सरळ कापडांचं दालन विचारा, आणि मग लघुचित्रांचं. कापडांपुढे किती वेळ उभं राहायचं हे तुम्हाला कुणी सांगायला नको. पदराची किनार कशी विणलीय, जर कुठे उसवलीय, उलटी बाजू कशी असेल, हे तुम्हाला दिसेल, ते माझ्यासारखीला दिसत नाही. लघुचित्रं तर तळहाताएवढी असतात, अगदी काचेला नाक लावून बघायची. त्यातल्या बायकांच्या चोळ्यांचे गळे बघा, बाही कुठे संपते ते बघा. पुरुषांचे अंगरखे इतके झिरझिरीत रंगवलेत की आतल्या पायजम्याचा रंग दिसतो, आणि हे सगळं खारीच्या केसांच्या कुंचल्यानं. एका चित्रापुढे दहा मिनिटं गेली तरी चालतील. बरोबर कुणी असतं तर तिसऱ्या मिनिटाला 'चल पुढे' म्हणालं असतं. एकटीनं जाण्यातला मोठा फायदा मला विचाराल तर हाच.

आता जेवणाचं. एकट्या बाईला हॉटेलात शिरताना जे वाटतं ते मला माहीत आहे: दारात उभं राहून आत बघायचं आणि पुढे निघून जायचं. यावर इराणी हॉटेलासारखा उपाय नाही. धोबीतलावला कयानी आहे, १९०४ पासूनचं, सीएसएमटीपासून दहा-पंधरा मिनिटं चालत. तिथे एकट्या माणसाला टेबल अडवल्याचं ओशाळं वाटत नाही, कारण गर्दी असली की समोर दुसरं कुणीतरी येऊन बसतंच, मान हलवतं आणि आपल्या चहात पाव बुडवायला लागतं. बन मस्का मागवा. बन कापून, बाजूनं लोणी बाहेर आलेला, बशीत येतो. चहा गोड आणि दाट. शाकाहारी असाल तर केक-बिस्किटांत अंडं आहे का ते विचारून घ्या, मावा केकमध्ये असतं. पोटभरीचं हवं असेल तर स्टेशनासमोरच्या गल्लीत पंचम पुरीवाला आहे, पुरीभाजी, खटाखट. मिसळीचं मी बोलणार नाही. नाशिकच्या माणसाला मुंबईत मिसळ खा असं सांगायची माझी हिंमत नाही.

डबा घरून नेऊ नका. तो नेलात की 'कुठे बसून खाऊ' याचीच चिंता, आणि एवढ्या वर्षांत एकदा तरी कुणी आणून पुढ्यात ठेवलेलं खा.

बायकांच्या प्रवासातली सगळ्यात मोठी अडचण कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. स्वच्छतागृह सापडणार नाही या भीतीनं आपण पाणीच पीत नाही, मग दुपारी डोकं धरतं आणि दोष उन्हाला. उतरल्या उतरल्या सीएसएमटीच्या प्रतीक्षालयात जाऊन या. दुपारी वस्तुसंग्रहालयात सोय आहे. निघताना पुन्हा स्टेशन. हे तीन टप्पे डोक्यात ठेवा आणि पाणी बिनधास्त प्या.

कंटाळ्याचं विचारलंत. येणार. दुपारी दीड-दोनला तो हमखास येतो. पाय बोलायला लागलेले असतात, सकाळची उमेद गेलेली असते आणि 'आपण इथे कशाला आलो' हा प्रश्न स्वतःच्याच आवाजात ऐकू येतो. यजमानांच्या आवाजातही येईल. त्या क्षणी हात फोनकडे जातो. लावू नका. वस्तुसंग्रहालयाच्या आवारात झाडाखाली बसा आणि कंटाळा करा मनसोक्त. घरी कंटाळा आला तर आपण लगेच उठून डबे घासायला काढतो, तिथे घासायला काही नसतं. अर्ध्या तासानं तुम्हाला आपोआप उठावंसं वाटेल. नाही वाटलं तर अजून बसा. आणि समजा तरीही नकोसंच झालं, तर स्टेशनवर जाऊन आधीच्या एखाद्या गाडीनं परत या. एवढं सगळं सांगून लवकर कशी परतू, असली भीड नको.

तीनच्या पुढे उन्हं कलली की ओव्हल मैदानाकडे चला. मैदानाच्या एका बाजूला हायकोर्ट आणि विद्यापीठ, टोकदार कमानींचं, दगडी. दुसऱ्या बाजूला १९३० च्या आसपासच्या गोलसर सज्ज्यांच्या इमारती, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरच्या. २०१८ मध्ये दोन्ही बाजू मिळून युनेस्कोच्या यादीत गेल्या. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ चा. शेअर बाजारातले मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव लावलं. आई जैन, दृष्टी गेलेली. सूर्यास्ताच्या आत जेवायचं तर वेळ कशी कळणार, म्हणून ठोके वाजणारं घड्याळ, असं सांगतात. खरं-खोटं त्या राजाबाईला माहीत, पण मैदानात क्रिकेटचे दहा-बारा डाव एकमेकांत मिसळून चाललेले असतात आणि वर ते ठोके पडतात, ते ऐकायला उभं राहावं.

मैदान ओलांडून चर्चगेटकडून पाच-सात मिनिटांवर मरीन ड्राइव्ह. कठड्यावर बसा. सूर्यास्त मिळणार नाही, हे आधीच सांगते. हिवाळ्यातही सूर्य सहा वाजून गेल्यावर बुडतो आणि तोवर तुम्ही गाडीत असायला हव्यात. सूर्यास्तासाठी गाडी चुकवण्यात अर्थ नाही. पाच वाजता उठा, टॅक्सी करा, साडेपाचला स्टेशनात.

समुद्र नको, माणसं बघायची आहेत, असं वाटत असेल तर दुपारनंतर ओव्हलऐवजी गिरगावात जा. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झालीय, सीएसएमटीहून काळबादेवी आणि पुढचं गिरगाव. खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांची आणि व्हरांड्यांची जुनी घरं आहेत. लोक राहतात तिथे, तेव्हा खिडक्यांत डोकावून फोटो काढू नका. पण दोन्ही करायला जाऊ नका, धाप लागेल.

भीतीचं थोडक्यात. दिवसाउजेडी या भागात माणसांपेक्षा वाहनांना जास्त जपा. इथे रिक्षा शोधू नका, वांद्रे आणि शीवच्या अलीकडे रिक्षा चालतच नाहीत. काळी-पिवळी टॅक्सी, मीटरनं. पर्स पुढे. पैसे दोन ठिकाणी, फोन चार्ज, अडचण आलीच तर ११२ आणि रेल्वेचं काही असेल तर १३९. घरी दोन निरोप: पोचले, आणि गाडीत बसले. फोनवरून आपलं ठिकाण सतत दाखवत राहायची सोय असते, ती चालू ठेवायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी नाही ठेवणार. यजमान दिवसभर तो ठिपका बघत बसतील आणि 'एकाच जागी अर्धा तास काय करतेयस' म्हणून फोन येईल.

खर्च दीड हजाराच्या आत आरामात बसतो. तो शिवणाच्या पैशांतून करा आणि हिशोब कुणाला देऊ नका. मंगळदास मार्केटला जावंसं वाटलं तर जाऊन बघून या, तुमच्या धंद्याची जागा आहे ती, बघण्याचाही आनंद असतो. फक्त रिकामी पिशवी बरोबर नेऊ नका.

परत आल्यावर जाऊबाई विचारतीलच, कशाला गेली होतीस. फिरायला गेले होते म्हणा. त्यांना ते पटणार नाही, पण बहुतेक चार-सहा महिन्यांनी त्याच तुम्हाला पंचवटीच्या वेळा विचारतील.

पावसाळ्यात जाऊ नका, एका जोरदार सरीत गाड्या खोळंबतात आणि घरच्यांना 'तरी सांगत होतो' म्हणायची संधी मिळते. डिसेंबर-जानेवारी उत्तम. रविवार नको, लोकलचा मेगाब्लॉक असतो आणि फोर्टातली निम्मी दुकानं बंद. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जातानाचं आणि येतानाचं तिकीट एकदमच काढा, आणि जाताना खिडकीच मागा.